जाड कुठे, बारीक कुठे: माझ्या बोरूचं पहिलं वर्ष

मागच्या मे महिन्यात भाचीचं लग्न होतं आणि पत्रिकेच्या पाकिटांवरची नावं मी लिहून देईन असं मी ताईला सांगून टाकलं. अक्षर माझं लहानपणापासून बरं, शाळेत फळ्यावर सुविचार लिहायला मलाच बोलवायचे, त्यामुळे मला वाटलं की कॅलिग्राफीचा एक सेट मागवायचा, चार व्हिडिओ बघायचे, पंधरा दिवस हात बसवायचा आणि पाकिटं लिहायला घ्यायची. सेट आला, त्यात एक होल्डर, पाच निबा, काळ्या शाईची बाटली आणि इंग्रजी अक्षरांचा कित्ता. मी रोज ऑफिसमधून आल्यावर जेवणं झाली की बसायची. आठ दिवसांत ए बी सी डी चांगलीच जमली, मलाच बघून आनंद व्हायचा. मग मराठी लिहायला घेतलं, पहिल्याच पाकिटावर 'श्री. व सौ.' लिहिलं आणि काहीतरी चुकलंय हे लगेच दिसलं, पण काय चुकलंय ते सांगता येईना. रेघा स्वच्छ होत्या, शाई पसरली नव्हती, अक्षरं सरळ ओळीत होती, तरी सगळा शब्द कसा तोल गेल्यासारखा दिसत होता. चाळीसेक पाकिटं तशीच लिहिली आणि मग थांबले.

आमच्याच अपार्टमेंटमध्ये तळमजल्यावर एक काका राहतात, चित्रकलेचे शिक्षक होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. त्यांना ते पाकीट दाखवायला नेलं. त्यांनी चांगलं की वाईट काहीच म्हटलं नाही, पाकीट खिडकीपाशी नेऊन बघितलं आणि विचारलं, "बारीक रेघ कुठून कुठे जाऊन राहिली तुझी?"

मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी कपाटातून एक जुना दिवाळी अंक काढला, मोठ्या टायपातलं एक शीर्षक उघडलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. "त बघ. फक्त त. आता सांग बरं, जाड कुठे आहे न बारीक कुठे आहे?"

मी बघितलं. त ची कमान कान्यापासून डावीकडे निघते, वळते तिथे, म्हणजे वरच्या डाव्या खांद्यावर, ती जाड होती, आणि खाली येऊन जिथे संपते तिथे निमुळती झाली होती. मग व बघितला, त्याचं पोट वर डावीकडे जाड, खाली डावीकडे बारीक, आणि खालून उजवीकडे कान्याला येऊन मिळताना परत जाड. शून्य बघितलं, तेच. आता माझं पाकीट शेजारी ठेवलं तर सगळं बरोबर उलटं होतं, जिथे जाड पाहिजे तिथे बारीक आणि जिथे बारीक पाहिजे तिथे जाड.

"तू मराठी अक्षरं इंग्रजीच्या कोनात लिहून राहिली बेटा," काका म्हणाले. "हात चांगला आहे तुझा. कोन बदल."

एवढंच होतं ते. आणि मला आजही असं वाटतं की देवनागरी कॅलिग्राफी सुरू करणाऱ्याला पहिल्या दिवशी ही एकच गोष्ट कुणीतरी सांगायला पाहिजे, बाकी सगळं नंतर सांगितलं तरी चालेल. म्हणून हे लिहायला घेतलं.

कोनाचं म्हणजे काय ते नीट सांगते. चपट्या टोकाचं पेन घेतलं की त्याच्या टोकाला एक धार असते, छोट्या पटाशीसारखी. त्या धारेच्या दिशेनेच पेन सरकवलं तर केसासारखी बारीक रेघ येते आणि धारेला आडवं सरकवलं तर पूर्ण जाड. इंग्रजीत ही धार खाली डावीकडून वर उजवीकडे चढती धरतात. देवनागरीत बरोबर उलटी, म्हणजे धारेचं डावं टोक वर आणि उजवं टोक खाली, साधारण ४५ अंशात. असं धरलं की वरून डावीकडून खाली उजवीकडे उतरणारी तिरकी रेघ सगळ्यात बारीक येते, आणि वर उजवीकडून खाली डावीकडे येणारी सगळ्यात जाड. आणि ह्यातली सुंदर गोष्ट अशी की ४५ अंश धरले तर उभी आणि आडवी रेघ एकसारख्या जाडीच्या येतात, म्हणजे काना आणि शिरोरेषा एका वजनाच्या. ५ मिलिमीटरची धार असेल तर दोन्ही साधारण साडेतीन मिलिमीटरच्या. आपलं अक्षर जे असं भक्कम उभं दिसतं न, ते त्यामुळे. कोन जरा चपटा झाला की काने सुजतात आणि शिरोरेषा पातळ होते, जरा उभा झाला की उलटं. माझा कोन ओळीच्या शेवटी शेवटी नेहमी बदलायचा कारण हात उजवीकडे सरकला की मनगट वळतं, त्याला उपाय एकच सापडला, हात नाही सरकवायचा, कागद सरकवायचा.

हे सगळं वाचून डोक्यात बसत नाही, हाताने करून बघावं लागतं, आणि त्यासाठी एक पैसाही खर्च करायची गरज नाही. दोन साध्या पेन्सिली शेजारी शेजारी ठेवून वर खाली रबरबँडने घट्ट बांधायच्या, दोघींची टोकं एका पातळीत आली पाहिजेत. आता डावी पेन्सिल वर, उजवी खाली अशी तिरकी धरून मोठं शून्य काढायचं. कागदावर दोन शून्यं उमटतात, एकमेकांत अडकलेली. वरच्या डाव्या आणि खालच्या उजव्या बाजूला दोन रेघांमध्ये सगळ्यात जास्त अंतर, आणि वर उजवीकडे व खाली डावीकडे दोन्ही रेघा एकमेकींना छेदतात. मधली जागा रंगवली की जाड बारीक डोळ्यासमोर. मी पहिले दहा दिवस फक्त जोडपेन्सिलीने लिहिलं, हाताएवढी मोठी अक्षरं, जुन्या वर्तमानपत्रांवर. काकांनीच सांगितलं होतं, "पहिले मोठं लिही, लहान अक्षरात चूक लपते."

इथे एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. माझा मुलगा डावखुरा आहे, सहावीत आहे, आणि अक्षरावरून शाळेत त्याने बरंच ऐकून घेतलेलं आहे. तो एक दिवस माझ्या शेजारी येऊन बसला, माझी इंग्रजीची सरळ कापाची निब घेतली आणि सहज म लिहिला. जाड बारीक अगदी जागच्या जागी! मी परत लिहायला लावलं, परत बरोबर. मग मला हळूहळू उलगडलं. उजव्या हाताने लिहिताना पेनाचा दांडा उजव्या खांद्याकडे कललेला असतो म्हणून सरळ कापलेल्या टोकाची धार आपोआप इंग्रजीच्या कोनात पडते, आणि डाव्या हातात दांडा डावीकडे कलतो म्हणून तीच धार देवनागरीच्या कोनात पडते. म्हणजे जे मला मनगट पिळून करावं लागत होतं ते त्याला निसर्गाने दिलेलं होतं. त्या रात्री तो अकरा वाजेपर्यंत लिहीत बसला आणि मी त्याला झोप म्हटलं नाही. डावखुरी मुलं असतील तर त्यांच्या हातात चपटी निब एकदा देऊन बघाच.

उजव्या हाताच्या माणसाचं काय, तर त्याच्यासाठी पेनच तिरकं कापलेलं पाहिजे, आणि ते पेन म्हणजे बोरू, कांडी कापून केलेली लेखणी. आपल्याकडे बोरूची परंपरा किती जुनी आहे बघा, दासबोधातल्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समासच लेखनक्रियेवर आहे, त्यात समर्थ सांगतात की निरनिराळ्या देशांतले बरू आणावेत, बारीक आणि सरळ घ्यावेत, अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं असावं, काना मात्रा वेलांटी नीट असावी, आणि पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सगळं एकाच टाकाने लिहिल्यासारखं वाटावं. ही शेवटची अट मी भिंतीवर लिहून लावलीय कारण माझी पहिली ओळ आणि दहावी ओळ अजूनही वेगवेगळ्या बाईने लिहिल्यासारखी दिसते.

बोरूची वीतभर कांडी मला इथे नागपुरात दुकानात मिळाली नाही, बर्डीला, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, तीन चार स्टेशनरीवाल्यांकडे विचारलं. मग म्हटलं विदर्भात राहून बांबूसाठी कशाला अडायचं. आमच्या बाजूच्या चौकात सूप टोपल्या विणणाऱ्या एक मावशी बसतात, त्यांच्याकडे गेले आणि करंगळीएवढ्या जाडीचा बांबू मागितला. त्यांनी विचारलं, "कायले पायजे?" मी म्हटलं लिहायला. त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं, मग आपल्या ढिगातून चार कांड्या निवडून दिल्या, प्रत्येक बोटाने वाजवून बघितली, एक बाजूला टाकून दुसरी घेतली आणि म्हणाल्या, "हे ओली हाय, चिरंन." चारांचे २० रुपये घेतले. ओला बांबू कापायचा नाही हे माझं पहिलं शिक्षण त्यांच्याकडून झालं, वाळताना तो फाटतो आणि टोकाचा आकार बिघडतो.

बोरू कापायची माझी पद्धत आता अशी आहे. कांडी एक वीत लांब, म्हणजे साधारण २० सेंटिमीटर, दोन्ही पेरं कापून टाकलेली. धारदार कटर पाहिजे, बोथट कटरनेच हात कापतो. पहिला काप लांब आणि उतरता, दोन अडीच सेंटिमीटरचा, आंबा कापताना कोयीवरून सुरी जाते तसा, आपल्यापासून दूर, कधीही अंगठ्याकडे नाही. कापलं की आतला मऊ गाभा दिसतो, तो खरवडून काढायचा, फक्त बाहेरची टणक साल राहिली पाहिजे, कारण धार ह्या सालीचीच टिकते, गाभ्याची शाई पिऊन मऊ पडते. मग दोन्ही बाजूंनी खांदे पाडायचे म्हणजे टोक हवं तितकं रुंद राहतं, सुरुवातीला ५ मिलिमीटर ठेवा. मधोमध एक छोटी उभी चीर द्यायची, नखाएवढी, शाई तिच्यातून उतरते. आणि शेवटचा काप, सगळ्यात महत्त्वाचा. बोरूचं टोक एखाद्या कडक लाकडी फळीवर ठेवायचं, सालीची बाजू वर, आणि एकाच दाबात टक्कन तिरका काप द्यायचा, असा की पेन लिहायला धरून वरून बघितलं तर डावीकडचं टोक लांब आणि उजवीकडचं आखूड दिसलं पाहिजे. तो टक्क आवाज आला पाहिजे. आवाज कुरकुरला तर काप दातेरी झाला समजायचं, परत कापायचा.

माझे पहिले सहा बोरू वाया गेले. तिसऱ्यात चीर वरपर्यंत गेली, पाचव्यात काप उलटा दिला, म्हणजे परत इंग्रजीचाच कोन! सातवा बोरू शाईत बुडवला, हिशोबाच्या वहीच्या लेजर पेपरवर काना ओढला, आणि बांबूचा कागदावर जो बारीक खर्रर्र आवाज येतो न, तो पहिल्यांदा ऐकला. स्टीलच्या निबेला तो आवाज नाही. हाताला कळतं कागद कुठे खडबडीत आहे, शाई कुठे संपत आलीय. त्या दिवशी मी एक पान भरून फक्त काने ओढले, मोजले नाहीत.

तयार पेनांचंही सांगते कारण बऱ्याच जणांना तेच सोयीचं पडतं. पायलटचं पॅरलल पेन १.५, २.४, ३.८ आणि ६ मिलिमीटर अशा रुंदीत मिळतं, कार्ट्रिज असते, सारखं बुडवावं लागत नाही, मी ऑफिसच्या बॅगेत एक ठेवते. पण त्याचा काप सरळ आहे, त्यामुळे उजव्या हाताने देवनागरी लिहायला कागद चांगलाच तिरका ठेवावा लागतो आणि कोपर अंगाजवळ घ्यावं लागतं. जमतं, पण हात आधी बोरूवर बसलेला असला की लवकर जमतं. सुरुवातीला महाग पेन घेऊ नका असं मी अगदी मनापासून सांगीन. काहीच नसेल तर कुल्फीची काडी तिरकी कापा, तिनेसुद्धा मोठी अक्षरं छान येतात, मुलांना तर फार आवडतं.

शाईच्या बाबतीत मी एक मोठी चूक केली ती तुम्ही करू नका. त्या ऑनलाइन सेटमधली शाई वॉटरप्रूफ होती आणि मी ती माझ्या जुन्या फाउंटन पेनात भरली, वडिलांनी बारावीनंतर दिलेलं पेन. वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक वाळली की लाखेसारखी घट्ट होते, मग ती पाण्याने निघत नाही. दोन दिवस कोमट पाण्यात ठेवलं, काही उपयोग झाला नाही, ते पेन गेलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हा लक्षात ठेवा, ज्या पेनात शाई भरून ठेवायची त्यात फक्त फाउंटन पेनाची शाई. वॉटरप्रूफ शाई बोरूला किंवा टाकाला, आणि लिहून झालं की लगेच धुवायचं. सरावाला मी कॅमलची साधी शाई वापरते, ती कंपनी १९३१ साली मुंबईत दांडेकरांनी सुरू केली तीच मुळी शाईच्या पावडरीपासून, म्हणजे हे दुकानात सहज मिळणारं आपलंच सामान आहे. रंगीत लिहायचं असेल तर पोस्टर कलर पाण्यात दुधाएवढा पातळ करून बोरूला लावायचा, उत्तम चालतो.

शाई छोट्या वाटीत घ्यायची, बाटलीत बोरू बुडवायचा नाही, फार शाई येते आणि पहिल्याच रेघेवर थेंब पडतो. मी वाटीत कापसाचा एक छोटा बोळा टाकते आणि त्याच्यावर बोरू टेकवते, जुन्या दौतींमध्येही असा बोळा असायचा. तेवढीच शाई येते जेवढी पाहिजे.

आता नागपूरच्या हवेचं. हे कुठल्या व्हिडिओत सांगत नाहीत पण इथे राहणाऱ्याला पहिल्याच उन्हाळ्यात कळतं. मे महिन्यात, त्यातही नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत, पारा ४५ च्या वर गेलेला असतो आणि पंख्याखाली बसून लिहिलं तर शाई कागदावर उतरायच्या आधी टोकावरच वाळते, काना अर्ध्यात कोरडा होतो. म्हणून मी कूलरसमोर बसले. कूलरच्या हवेत कागद तासाभरात मऊ पडतो, ओलसर होतो, आणि मग तीच शाई रेघेच्या कडेने फुटायला लागते, बारीक बारीक केसांसारखे फाटे येतात. मी चार दिवस कागदाला दोष देत होते. शेवटी सकाळी साडेपाच सहाला, कूलर सुरू व्हायच्या आधी, गच्चीत बसायला लागले. हवा स्थिर असते, उजेड डावीकडून येतो, बोरूची सावली अक्षरावर पडत नाही, आणि कागद कुरकुरीत असतो. कागद मात्र वापरायच्या दिवशीच पाकिटातून काढायचा. पावसाळ्यात मी कागदाचा गठ्ठा कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवते.

कागद कुठला, तर झेरॉक्सचा ७५ जीएसएमचा कागद फाउंटनच्या शाईला कसाबसा पुरतो, बोरूला नाही, शाई फुटते. लेजर पेपर सगळ्यात छान, हिशोबाच्या वह्यांना असतो तो, गुळगुळीत आणि घट्ट, गांधीबाग इतवारीकडे सुटे ताव मिळतात. चांगल्या कामाला १०० जीएसएमच्या वरचा बाँड किंवा कार्ट्रिज शीट. आणि खाली दहा बारा वर्तमानपत्रांची गादी करायची, कडक टेबलावर बोरू घसरतो.

आता प्रत्यक्ष लिहिण्याकडे येते. आपलं अक्षर ओळीवर उभं राहत नाही, ते शिरोरेषेला लटकतं, कपडे वाळत घालायच्या दोरीसारखं. म्हणून आखताना वरची रेघ महत्त्वाची. मोडी लिहिणारे तर आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायचे आणि मग तिच्याखाली हात न उचलता अक्षरं लिहीत जायचे, बाळबोधमध्ये, म्हणजे रोजच्या देवनागरीत, आपण उलटं करतो, आधी अक्षरं आणि शब्द झाला की वरून रेघ. मी दोन्ही करून बघितलं, सुरुवातीला पेन्सिलची रेघ आधी आखलेली असली की अक्षरं वर खाली होत नाहीत.

उंची किती ठेवायची त्यासाठी निबेच्याच रुंदीचं माप वापरायचं. धार उभी धरून एकाखाली एक पाच ठिपके पाडायचे, जिन्याच्या पायऱ्यांसारखे, ती झाली अक्षराची उंची. ५ मिलिमीटरचा बोरू असेल तर २५ मिलिमीटर. वर मात्रा वेलांटीला आणि खाली उकाराला आणखी दोन दोन पायऱ्या मोकळ्या सोडायच्या, नाहीतर 'कौस्तुभ' लिहिताना वरच्या ओळीत घुसतो. हे माझं माप आहे, कुणी चार घेतं कुणी सहा, चार घेतलं की अक्षर ठसठशीत दिसतं आणि सहा घेतलं की सडसडीत.

बोरूने पहिला महिना मी अक्षर काढलंच नाही, हे सांगितलं की लोकांना खरं वाटत नाही. उभ्या रेघा, आडव्या रेघा, दोन्हीकडच्या तिरक्या, मग अर्धगोल डावा, अर्धगोल उजवा, मग म आणि भ मधली ती छोटी गाठ. एवढ्यातच जवळजवळ सगळी वर्णमाला आहे. नंतर अक्षरं घेतली ती क ख ग घ अशी नाही, शाळेत ग म भ न ने सुरुवात करायचे तशी, आकाराने जवळची एकत्र. व आला की ब आणि क येतो, र आला की स आणि ख, प आला की ष आणि फ, ट च्या मागे ठ ढ द. एका गटाला एक आठवडा दिला. व ला मात्र दोन आठवडे दिले कारण व चं पोट जमलं की निम्मं काम झालं, आणि ते जमत नव्हतं. मी ते एका झटक्यात गोल फिरवायची, त्यामुळे खाली डावीकडे कोन हलायचा आणि जिथे बारीक यायला पाहिजे तिथे फुगवटा. काकांनी सांगितलं की दोन तुकड्यांत काढ, कान्यापासून डावीकडे वळून खाली थांब, पेन उचल, आणि दुसरा तुकडा परत कान्यापासून खाली घेऊन पहिल्याला भेटव. त्या दिवसापासून व सुटला. आणि श्वास! रेघ ओढताना श्वास रोखून धरायची सवय असते, मानेत दुखायला लागतं, रेघ ओढताना श्वास हळू सोडायचा, रेघही सरळ येते.

ल आणि श बद्दल थोडं, कारण नागपुरात राहणाऱ्याला हे जास्त भोवतं. आपलं शहर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी होतं, मराठी आणि हिंदी इथे शेजारी शेजारी नांदतात आणि पाट्यांवरही दोन्ही वळणं दिसतात. एका दुकानावर पाकळीचा मराठी ल आणि त्याच्या बाजूच्या दुकानावर हिंदी वळणाचा ल. श चंही तसंच. २००९ साली राज्य शासनाने वर्णमालेचा जो निर्णय काढला त्यात मराठीसाठी देठाचा श आणि पाकळीचा ल स्पष्ट दिलेला आहे. मी मराठी लिहिताना तेच वळण घेते. कॅलिग्राफीत पाकळीचा ल काढायला जो आनंद आहे तो दुसऱ्या कुठल्या अक्षरात मला अजून मिळाला नाही, दोन पाकळ्या एका मापाच्या यायला पाहिजेत आणि मधली जागा मिटायला नको. बर्डीवरून जाताना माझं लक्ष आता पाट्यांवरच असतं, हाताने रंगवलेली जुनी पाटी दिसली की गाडी थांबवून फोटो काढते. फ्लेक्स आल्यापासून अशा पाट्या फार कमी राहिल्या, महाल इतवारीच्या जुन्या गल्ल्यांत अजून सापडतात, आणि त्या पेंटर लोकांचे काने बघितले की कळतं हात कशाला म्हणतात.

शिकायला कुणाचं काम बघायचं असं विचाराल तर अच्युत पालवांचं बघा, मोडी आणि देवनागरीवर त्यांनी अख्खं आयुष्य काम केलंय, २०२५ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा मला घरच्या माणसाचं कौतुक झाल्यासारखं वाटलं. आणि कमल शेडग्यांनी केलेली मराठी नाटकांची नावं, अक्षर बघूनच नाटक कसं असेल ते कळायचं. ऑफिसमध्ये मी ज्या मंगल फॉन्टमध्ये रोज पत्रं टाइप करते तो र. कृ. जोशींनी केलेला आहे हे मला मागच्या वर्षीच कळलं. इतकी वर्षं तो फॉन्ट माझ्यासाठी कॉम्प्युटरमधून आलेला होता, त्याच्यामागे अक्षर हाताने घडवणारा माणूस आहे असं कधी मनात आलंच नव्हतं.

रोज किती वेळ द्यायचा, तर मी २० मिनिटं देते, पण रोज. रविवारी दोन तास बसून आठवडाभर हात न लावण्यात काही मिळत नाही, सोमवारी कोन परत विसरलेला असतो. प्रत्येक पानावर तारीख टाका आणि पान फेकू नका. माझी पहिली 'श्री. व सौ.' वाली चाळीस पाकिटं तर ताईने वाटूनही टाकली, पण एक मी ठेवून घेतलं, ते वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलेलं आहे.

ह्या संक्रांतीला काकांच्या दाराची पाटी मी लिहिली. प्लायवर, पांढरा रंग दोन हात, वर काळ्या रंगाने, ८ मिलिमीटरच्या बांबूने. त्यांच्या आडनावात ळ आहे आणि ळ माझा कच्चा आहे, दोन्ही वाटोळ्या सारख्या येत नाहीत, म्हणून आठ दिवस फक्त ळ गिरवला. पाटी लावली तेव्हा काका चष्मा लावून जवळ गेले, ळ वर बोट फिरवलं आणि म्हणाले, "डावी वाटोळी जरा मोठी झाली." मग दोन पावलं मागे जाऊन बघितलं, "राहू दे आता, दिसून राहिलं छान." काकूंनी आतून तिळाच्या वड्या आणल्या.

बोरू वापरून झाला की साध्या पाण्यात धुवायचा, फडक्याने पुसायचा आणि आडवा ठेवायचा, टोक खाली करून ग्लासात ठेवला की धार दबते. चार पाच दिवसांनी धार बोथट होते, रेघेची कड धूसर दिसायला लागते, तेव्हा परत तेवढाच टक्क काप द्यायचा. असं कापत कापत बोरू आखूड होत जातो. माझा तो सातवा बोरू आता बोटाएवढा उरलाय, हातात नीट धरताही येत नाही, काल शेवटचा काप दिला. उद्या सकाळी मावशींकडे जायचंय, ह्यावेळी वाळलेल्या दहा कांड्या आणीन म्हणते, दोन मुलाला पाहिजेत, त्याच्या बोरूचा काप सरळ.